तिसऱ्या वेळचा होकार

माणसाला इतर प्राण्यांपासून वेगळं करणारी गोष्ट म्हणजे नकार. भूक प्राण्यांनाही लागते, हाव त्यांनाही असते; पण समोर धरलेली वस्तू मनापासून हवी असताना शांतपणे दोनदा नको म्हणावं, आणि तिसऱ्यांदा विचारणा झाली तरच घ्यावी, हे फक्त सुसंस्कृत माणसाला जमतं. सेल्मर हॉगेनने हे व्रत शहात्तर वर्षं पाळलं होतं. त्यापायी एप्रिल महिन्यात त्याच्यावर राहतं घर घालवण्याची पाळी आली.

झालं असं, की त्याची मुलगी रोंडा हिने त्याला फीनिक्सला येऊन राहायला सांगितलं. तिच्या घरापासून वीस मिनिटांवर वृद्धांसाठी एक वसाहत होती. पोहण्याचा तलाव, बाग, बारा महिने ऊन. पहिल्यांदा तिने फेब्रुवारीत फोन केला, तेव्हा सेल्मर म्हणाला, नको, तुला कशाला उगाच धावपळ. मार्चमध्ये तिने पुन्हा विचारलं. तो म्हणाला, माझं इथे ठीक चाललंय, तू काळजी करू नकोस. एप्रिलमध्ये तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा तो टीव्हीवर हवामान बघत होता, ओव्हनमध्ये केक होता आणि त्याचं अर्धं लक्ष वासाकडे होतं. रोंडाने विचारलं, आणि त्याची जीभ आपण होऊन म्हणाली, "बरं. तुला फार त्रास होणार नसेल तर."

आपण काय बोललो ते त्याला फोन ठेवल्यावर ऐकू आलं.

टॅमरॅक सिटीत, म्हणजे उत्तर मिनेसोटातल्या चारशे बारा वस्तीच्या त्या सिटीत, कॉफी तीनदा विचारतात. दोनदा नको म्हणायचं असतं, तिसऱ्यांदा घ्यायची असते. जीभ मोजत असते, माणसाला लक्ष द्यावं लागत नाही. रोंडाचा जन्म इथलाच. पण ती अठ्ठावीस वर्षं फीनिक्सला होती, आणि तिकडे लोक एकदाच विचारतात आणि पहिलं उत्तर हेच उत्तर समजतात. तिने तीनदा विचारलं ते रीत म्हणून नव्हे. ती मुळातच चिवट होती.

सेल्मरने ही बातमी शेजारच्या लुंड नवरा-बायकोला गॅरेजमध्ये सांगितली. बर्फ वितळलं की टॅमरॅकमधली माणसं गॅरेजचं मोठं दार वर करतात, आत घडीच्या खुर्च्या टाकतात आणि रस्ता बघतात. गाडी गेली की एक बोट वर करायचं. गाडीवाला स्टिअरिंगवरून एक बोट वर करतो. तासाभरात चार-पाच गाड्या होतात. आर्डिस लुंड मध्ये बसे, कारण तिला दोन्हीकडे बोलायला लागे. तिचा नवरा मर्ल दाराशी बसे. मर्लने तेहेतीस वर्षं काउंटीचा बर्फ लोटायचा ट्रक चालवला होता आणि एवढ्या काळात त्या ट्रकमध्ये दुसरं कुणी नसल्यामुळे त्याची बोलण्याची सवय गेली होती.

"हो म्हणालास?" आर्डिसने विचारलं.

"तोंडातून गेलं."

"तिसऱ्यांदा विचारल्यावर?"

"तिसऱ्यांदाच."

"मग संपलं," मर्ल म्हणाला.

आर्डिसने थोडा विचार केला. रोंडाने चौथ्यांदा विचारलं तर नाही म्हणता येईल, असं ती म्हणाली. पण होकार मिळाल्यावर परत कोण विचारतं? ते म्हणजे समोरच्याला बहिरं समजणं. आणि दिलेला होकार मागे घ्यायचा तर तेही धड नाही. कॉफी ओतून झाल्यावर नको म्हणणारा माणूस टॅमरॅकमध्ये एकच होऊन गेला होता, आणि तो बाहेरगावचा होता. राहता राहिला एकच उपाय. जूनमध्ये रोंडा बापाला न्यायची तयारी करायला दहा दिवस येणार होती. त्या दहा दिवसांत तिला आपण होऊन कळलं पाहिजे, की या माणसाचं इथे उत्तम चाललं आहे.

"पण तू तसं सांगायचं नाहीस हं," आर्डिसने बजावलं. "सांगितलंस तर ती बढाई होईल. तिला दिसू दे."

एक गाडी गेली. तिघांनी एकेक बोट वर केलं.

रोंडा जूनच्या पहिल्या सोमवारी आली. भाड्याची पांढरी गाडी, मोठा गॉगल, हातात वसाहतीची गुळगुळीत पुस्तिका. बापाला मिठी मारून तिने आधी फ्रिज उघडला. आत दूध, अंडी, लोणी आणि उरलेला रस्सा होता. वरच्या खणात गोठवलेल्या रुबार्बच्या, म्हणजे केकमध्ये घालायच्या त्या आंबट लाल देठांच्या, अकरा पिशव्या होत्या. परसात यंदाचा रुबार्ब गुडघ्याएवढा उभा होता, आणि हा माणूस गेल्या वर्षीचा जपून ठेवत होता. रोंडाने फ्रिजचं दार हळूच लावलं. आजारी माणसाच्या खोलीचं लावावं तसं.

तिने विचारलं, "बाबा, तू दिवसभर करतोस काय?"

"असंच. काहीबाही."

खरं सांगायचं तर त्याला वेळ पुरत नव्हता. सकाळी गॅरेज. मंगळवारी संध्याकाळी पत्ते, त्यासाठी दुपारी काहीतरी गोड भाजून ठेवणं. बुधवारी चर्चच्या तळघरात टेबलं मांडायची असत, कारण गावात कुणी ना कुणी गेलेलं असायचं आणि त्यांच्या मागे राहिलेल्यांना जेवण लागायचं. जेवणाच्या टेबलावर हजार तुकड्यांचं चित्रकोडं कायम पसरलेलं असे; त्यामुळे तो स्वतः ओट्याशी उभा राहून जेवायचा. हिवाळ्यात मक्याच्या लाह्या फोडून खिडकीशी बसून शेजाऱ्यांची धुराडी बघायची, कुणाकडे आधी धूर येतो ते. मे संपता संपता रुबार्ब यायचा, मग स्ट्रॉबेऱ्या, मग ऑगस्टमध्ये काकडीच्या आकाराचे ते भोपळे, जे कुणालाच नको असतात आणि जे लोक रात्रीतून एकमेकांच्या पायरीवर ठेवून पळून जातात. शेवटी सफरचंदं. प्रत्येक महिन्याचा केक वेगळा. यातलं एकही वाक्य त्याला उच्चारता येईना, कारण प्रत्येक वाक्यात बढाई होती.

रोंडाने त्याला विचारलं, की शेवटचं हॉटेलात कधी जेवलास. त्याने प्रामाणिकपणे आठवून सांगितलं, की बॉर्घिल्ड असताना, तिच्या डोळ्यांच्या ऑपरेशनच्या दिवशी. म्हणजे सहा वर्षांपूर्वी. बॉर्घिल्ड म्हणजे त्याची बायको, रोंडाची आई. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. रोंडाने त्याचा हात दाबला. सेल्मरला उमगलं, की उत्तर चुकलं.

मग तिने पुस्तिका दाखवली. महिन्याचं वेळापत्रक छापलेलं होतं. सोमवारी पाण्यातले व्यायाम, मंगळवारी हसण्याचा वर्ग. गुरुवारी 'भाजण्याचा आनंद': आचारी केक करून दाखवतील, रहिवासी बघतील. सेल्मरने ही ओळ दोनदा वाचली.

"फक्त बघायचं?"

"आणि मग खायचं, बाबा."

"वेगळंच आहे," सेल्मर म्हणाला.

टॅमरॅकमध्ये एखाद्या गोष्टीला याहून जास्त नावं ठेवायची पद्धत नाही. रोंडाला वाटलं, त्याला आवडलं.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. पत्त्यांचा दिवस. सकाळी सेल्मर टोपली घेऊन परसात गेला. रुबार्बचा देठ सुरीने कापायचा नसतो. बुडाशी धरून जरा पिरगाळायचा आणि ओढायचा, मग तो सोडवल्यासारखा निघतो. पानं तिथेच टाकायची, ती विषारी. रोंडा मागच्या पायरीवर बसून फोनमध्ये काहीतरी बघत होती. तो म्हणाला, "येतेस का ओढायला?" ती म्हणाली, "येते." सेल्मरला थोडं चमकल्यासारखं झालं. दुसऱ्यांदा विचारायची त्याने तयारी ठेवली होती.

पत्त्यांसाठी रुबार्बच्या वड्या भाजायच्या होत्या, त्यांच्या कृतीचा कागद बॉर्घिल्डच्या हातचा. त्यावर लोण्याचे इतके डाग, की उजेडासमोर धरला तर पलीकडची खिडकी दिसे. मैदा: दोन कप, पुरेल असा. साखर: रुबार्ब बघून. भाजणे: झालं असं वाटेपर्यंत. बॉर्घिल्डला स्वतःलाच सूचना द्यायच्या असल्यामुळे तिने जास्त लिहायचं कारण नव्हतं. ती गेली त्या वर्षी सेल्मरने तिच्या अशाच एका कागदावरून केलेला पहिला केक दोन महिने गॅरेजच्या दाराला अडण म्हणून उपयोगी पडला. दुसरा मर्लने खाल्ला आणि म्हणाला, आधीच्यापेक्षा मऊ आहे. आधीचा त्याने खाल्ला नव्हता, त्याला नुसता पाय लागला होता. बाराव्या केकचा आर्डिसने मागून घेतलेला तुकडा सेल्मरला अजून आठवत होता.

तर त्या दिवशी त्याने देठांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे केले, साखरेत घोळवून ठेवले, आणि वरच्या भुरभुरीसाठी मैदा, ओट, साखर आणि थंड लोणी एका परातीत काढलं. मग त्याने हात पुसले आणि अंडी आणायला वळला. परत वळून बघतो तर रोंडाने अंगठ्या काढून खिडकीत ठेवल्या होत्या आणि परातीत हात घातला होता. ती लोणी मैद्यात बोटांच्या टोकांनी चुरत होती, तळवा लागू न देता, अंगठा पुढे सरकवत. बॉर्घिल्ड तसंच चुरायची. हे कुणी शिकवून येत नाही. ओट्याशी उभं राहून वर्षानुवर्षं बघावं लागतं, तेही ओटा नाकाच्या उंचीवर असल्यापासून.

सेल्मरने अंडी ओट्यावर ठेवली. तो म्हणाला, "चालेल."

रोंडा जरा वेळाने म्हणाली, की तिच्या घरच्या ओव्हनमध्ये ती हिवाळ्याचे बूट ठेवते. घटस्फोटानंतर तिने हा छोटा फ्लॅट घेतला, त्यात कपाट कमी पडतं. ओव्हन एकदाही पेटवलेला नाही. एकटीसाठी काय पेटवायचा.

"बूट कशाला लागतात फीनिक्सला?"

"लागत नाहीत. म्हणूनच ओव्हनमध्ये आहेत."

दोघांनी वड्या आत सरकवल्या आणि घर भरेल असा वास येईपर्यंत चित्रकोड्याशी बसले. कोडं चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीतलं होतं, म्हणजे त्यात पाच-सहा तुकडे कमी असणारच. ते मर्ल नाश्त्याच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचे कापून, रंगवून देई. त्याला रंग फारसे कळत नसत. त्यामुळे स्वित्झर्लंडच्या डोंगरावर एका जागी मक्याच्या पोह्यांच्या खोक्यावरच्या कोंबड्याचा तुरा दिसत होता. रोंडाने तो पाहिला आणि बराच वेळ हसत बसली. गाडीतून उतरल्यापासून ती पहिल्यांदाच हसली, हे सेल्मरने मनात टिपलं. आर्डिसच्या योजनेला यश येत होतं, असं त्याला वाटलं.

संध्याकाळी लुंड मंडळी आली. चौघांचा डाव, 'पाचशे' नावाच्या खेळाचा. बॉर्घिल्ड गेल्यापासून तिचे पत्ते टेबलावर उघडे मांडत आणि तिचा भिडू ते खेळे. मेल्यापासून ती जास्त वेळा जिंकते, असं मर्लचं म्हणणं होतं. आज त्या खुर्चीत रोंडा बसली. ती खेळ पार विसरली होती, पण हात विसरला नव्हता; तिसऱ्या डावात तिने मर्लचा हुकमी एक्का असा काही उडवला, की मर्ल "हं" म्हणाला. आर्डिसने सेल्मरकडे पाहिलं. सगळं सुरळीत चाललं होतं.

आणि मग शेवटची वडी आली.

सोळा वड्या होत्या. पंधरा संपल्या. सोळावी ताटलीत उरली. टॅमरॅकमध्ये शेवटची वडी कुणी घेत नाही. तिचा अर्धा भाग कापून घेतात. मग दुसरा कुणी उरलेल्याचा अर्धा घेतो, मग तिसरा त्याचा अर्धा, असं करत करत शेवटी ताटलीत एक दाणा उरतो, तो झाकून ठेवतात आणि सकाळी यजमान ओट्याशी उभं राहून खातो. आर्डिसने सुरी उचलून अर्ध्यावर टेकवली होती, तेवढ्यात रोंडाने हात लांबवला, वडी उचलली आणि अख्खी खाल्ली.

  आर्डिसने सुरी ताटलीच्या कडेला ठेवली आणि बोटाने टेबलावरचा नसलेला कण टिपला.

"कुणीतरी खायलाच हवी होती," मर्ल म्हणाला.

रोंडाने आईशी केलेल्या भांडणांतसुद्धा इतकं लागेल असं काही ऐकलं नव्हतं. पण तिला ते लागलंच नाही. ती म्हणाली, "मस्त झाल्यात, बाबा," आणि बोटं चाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आर्डिस कुंपणाशी आली. रात्री तिला झोप लागली नव्हती, ती वडीचा विचार करत होती. आपली चूक झाली, असं तिने सांगितलं. ही पोर दाखवून कळण्यातली राहिलेली नाही. ती आपलीच आहे, पण तिकडची झाली आहे.

"जी शेवटची वडी उचलते, सेल्मर, तिला 'वेगळंच आहे'चा अर्थ कसा कळावा? तिला नाही म्हणूनच सांगावं लागेल."

"नुसतं नाही?"

"नुसतं."

"पुढे काही न लावता?"

"लावलंस की ती तेवढंच धरेल."

सेल्मरने शहात्तर वर्षांत नुसतं नाही म्हटलेलं नव्हतं. सैन्यात असताना सार्जंटने एकदा विचारलं होतं, रायफल साफ आहे का, तेव्हाही तो "तशी बरी आहे" म्हणाला होता. म्हणून सराव करायचं ठरलं. ते काम मर्लवर आलं. दोघं गॅरेजमध्ये बसले. मर्लने थर्मास उघडला.

"कॉफी?"

सेल्मरने श्वास घेतला. "नाही," तो म्हणाला.

मर्लने थर्मासचं झाकण लावलं आणि थर्मास खुर्चीखाली ठेवला.

पाच मिनिटं गेली. एक गाडी गेली. बोटं वर झाली. सेल्मरला त्या वेळी कॉफी जितकी हवी होती तितकी आयुष्यात कधी हवी नव्हती. मर्ल शांतपणे रस्ता बघत होता. पन्नास वर्षांच्या शेजाराला असं एका शब्दात वाऱ्यावर सोडता येतं, हे सेल्मरच्या ध्यानात आलं आणि त्याला गलबलून आलं. शेवटी तो उठून घरी गेला आणि स्वतःची कॉफी करून प्यायला.

"जमलं," मर्लने बायकोला कळवलं.

गुरुवारी रोंडाने आवरायला काढलं. तिने चिकटपट्ट्यांचे दोन रंग आणले होते: हिरवी लावलेली वस्तू फीनिक्सला, लाल लावलेली चर्चच्या विक्रीला. बैठकीच्या खोलीतली आरामखुर्ची हिरवी झाली. चित्रकोड्याचं टेबल लाल झालं. सेल्मर तिच्या मागे मागे फिरत होता आणि प्रत्येक वेळी तोंड उघडून बंद करत होता. स्वयंपाकघरात आल्यावर तिने भाजण्याचे तिन्ही ट्रे, लाटणं आणि ती परात ओट्यावर काढली आणि एका ओळीत लाल पट्ट्या लावत गेली.

"ते राहू दे," सेल्मर म्हणाला.

"बाबा, तिथे ओव्हनच नाहीये. मायक्रोवेव्ह आहे. म्हाताऱ्या माणसांच्या हातून आग लागू नये म्हणून."

"मग लोक करतात काय?"

"खाली जातात जेवायला."

"आणि खाली कोण करतं?"

"माणसं आहेत तिथे, पगारी. तुला काही म्हणजे काही करावं लागणार नाही."

सेल्मरने परातीकडे पाहिलं. तिच्या कडेला अजून थोडं पीठ चिकटलेलं होतं.

"नाही," तो म्हणाला.

"काय नाही?"

"मी येत नाही."

आवाज चढला नव्हता. दुपारी पाऊस नाही, असं सांगावं तशा आवाजात तो बोलला. यापुढे "अर्थात तुझी हरकत नसेल तर" हे शब्द जिभेवर येऊन उभे राहिले होते. ते त्याने गिळले. त्याला पाणी प्यावं लागलं.

रोंडा खुर्चीवर बसली. लाल पट्टी तिच्या बोटाला चिकटून राहिली होती.

"मग एप्रिलमध्ये हो का म्हणालास?"

"तू तिसऱ्यांदा विचारलंस."

ती त्याच्याकडे बघत राहिली. अठ्ठावीस वर्षांच्या उन्हाखालून काहीतरी हळूहळू वर येत असल्यासारखा तिचा चेहरा बदलत गेला. लहानपणी मावशीकडे दोनदा नको म्हणून झाल्यावर मावशीला फोन आला होता आणि तिसरी विचारणा राहूनच गेली होती. ती उपाशी घरी आली होती. ते तिला आठवलं असावं. ती हसायला लागली. हसता हसता तिने तोंड ओंजळीत घेतलं, आणि मग तो आवाज हसण्याचा राहिला नाही.

सेल्मर उभा राहिला होता तिथेच उभा राहिला. अशा वेळी बॉर्घिल्ड काय करायची ते त्याने आठवून पाहिलं. ती ओव्हन लावायची. त्याने ओव्हन लावला.

"मला वाटलं तू इथे एकटा आहेस," रोंडा म्हणाली.

"मंगळवारी नाही," सेल्मर म्हणाला. मग विचार करून त्याने भर घातली, "बुधवारीही नाही. चर्चमध्ये असतो."

"मी रविवारचं ठरवलं होतं. कॅलेंडरवर लिहूनसुद्धा ठेवलंय. दर रविवारी तुझ्याकडे यायचं. वीस मिनिटं लागतात, मी गाडीने जाऊन बघून आले." तिने नाक पुसलं. "मला रविवारी कुणाकडे जायला नाही, बाबा."

हे सेल्मरला कुणी सांगितलं नव्हतं. अर्थात त्यानेही विचारलं नव्हतं. दर पंधरा दिवसांनी तो फोनवर विचारायचा, कसं चाललंय. ती म्हणायची, वाईट नाही. टॅमरॅकमध्ये वाढलेल्या मुलीने वाईट नाही म्हटलं म्हणजे सगळं झकास, असं समजून तो हवामानाकडे वळायचा. आपण पोरीचं एवढं उत्तर पहिल्याच वेळी खरं मानलं, याची त्याला आता लाज वाटली.

तो म्हणाला, "रुबार्ब चार जुलैपर्यंत ओढतात. मग झाड थकतं."

"म्हणजे?"

त्याला म्हणायचं होतं, की तोवर राहा. पण सकाळपासूनचा सरळ बोलण्याचा साठा संपला होता. रोंडाने त्याच्याकडे पाहिलं, मग लाल पट्टी बोटावरून सोडवली आणि परातीवरचीही काढली. काम फोनवरून करता येतं, तिकीट बदलता येतं, असं ती पुटपुटली. मग मैद्याचा डबा कुठे आहे ते तिने विचारलं. तो चाळीस वर्षं होता तिथेच होता, हे बघून ती पुन्हा थोडी रडली.

त्या दिवशी त्यांनी ताक घालून केक केला. केक भाजला जात होता तोवर सेल्मर चष्मा लावून टेबलाशी बसला आणि त्याने एका कोऱ्या कार्डावर बॉर्घिल्डचा कागद उतरवून काढला, फीनिक्सच्या ओव्हनसाठी. आकडे त्याला आता पक्के ठाऊक होते, तो ते लिहू शकला असता. पण त्याने "पुरेल असा" हेही तसंच उतरवलं. गोठवलेल्या पिशव्यांपैकी सहा तू ने, असं तो म्हणाला. विमानतळावर अडवतील, असं ती म्हणाली. तो म्हणाला, आंबट आहे, स्फोटक नाही.

मर्ल आणि आर्डिस वास घेऊन आले. त्यांना कुणी काही सांगितलं नाही; आर्डिसने हिरव्या पट्टीची आरामखुर्ची पाहिली, तिच्यावर बसलेल्या रोंडाला पाहिलं, आणि कुणाला न विचारता हात घालून पट्टी उपटली. मर्लने थर्मास उघडून सेल्मरच्या कपात कॉफी ओतली. विचारलंच नाही. दोघांच्यात एवढा जिव्हाळा याआधी कधी उघड झालेला नव्हता, आणि सेल्मर एकदोनदा खाकरला.

केक चौकोनी कापला. रोंडाने आर्डिसला विचारलं, अंड्याचं पांढरं वेगळं फेटलं तर आणखी फुलेल का. त्यावरून दोघींचा चांगला अर्धा तास वाद चालला. सेल्मर ऐकत बसला. त्याला वाटलं, हे सगळं कुणी पुस्तिकेत छापायला हवं होतं. पण छापलं असतं तर बढाई झाली असती.

शेवटी रोंडा म्हणाली, की एक काम राहिलं. वसाहतीला फोन करून बाबांची खोली रद्द करायला हवी. तिथली माणसं फार चांगली आहेत, त्यांना वाईट वाटेल. फॉर्म भरल्या दिवशी त्यांनी 'आमच्या कुटुंबात स्वागत आहे' अशी मेल पाठवली होती. सेल्मरही अस्वस्थ झाला. आपण एवढी तयारी करायला लावून ऐन वेळी माघार घेतोय, तर निदान एक केक पाठवावा का, असं त्याने विचारलं. आर्डिस म्हणाली, दोन पाठव.

रोंडाने टेबलावर फोन ठेवला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. तिकडे एक मुलगी होती, तिचा आवाज फार गोड होता. रोंडाने चाचरत सांगितलं, की सेल्मर हॉगेन यांना येणं जमणार नाही, आणि त्याबद्दल आम्ही सगळेच फार दिलगीर आहोत. मुलीने दोन मिनिटं थांबायला सांगितलं. थोडं संगीत वाजलं. मग ती परत आली आणि म्हणाली, हॉगेन यांच्यासाठी खोली ठेवलेली नव्हती. ते प्रतीक्षा यादीत एकशे सत्त्याऐंशीवे होते आणि त्यांचा नंबर लागायला अंदाजे चार वर्षं लागली असती.